काल्पनिक ‘मारुत’, खरी हवा

संगणकावरील विमानयुद्धाच्या खेळात कधीच न बनलेली विमानेही उडवता येतात. ‘मारुतला हवे ते इंजिन मिळाले असते तर?’ ही त्यांतली आपल्या घरची कल्पना. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये कुर्ट टँक यांनी आखलेले हे लढाऊ जेट १९६१ मध्ये प्रथम उडाले. उद्दिष्ट ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, म्हणजे जालना ते मुंबई जेमतेम नऊ मिनिटांत! पण योजलेले इंजिन मिळाले नाही आणि मारुत ध्वनिवेगाच्या आसपासच अडकले.

इतिहास कल्पनेने बदलायला आमची हरकत नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या पानिपतावरील कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते. बदल एवढाच, बाकीचे त्यातून तर्काने उलगडते. खेळातल्या मारुतलाही हीच कसोटी लावावी. नुसता इंजिनाचा आकडा वाढवून ती उतरत नाही. वेग दुप्पट केला की, इतर गोष्टी तशाच राहिल्या तरी, हवेचा रोध चौपट होतो. प्रत्यक्षात मारुतच्या इंजिनांना आफ्टरबर्नर जोडून पाहिले, तेव्हा बदललेल्या शेपटाकडच्या भागाने रोध वाढवला आणि वाढीव रेट्याचा बराच फायदा गिळला.

विद्यार्थ्यांना असे विमान जरूर रचू द्यावे. मात्र चित्राबरोबर आकडेमोडही मागावी.