दुसऱ्या हाताची किंमत

दोन्ही हातांत शस्त्र घेतलेला नायक पडद्यावर आला की सराईत खेळाडूने आधी एकच गोष्ट विचारावी: हे दुसरे शस्त्र उचलण्यासाठी याने काय खाली ठेवले? ज्या गेमकडे याचे उत्तर नाही, तिथे ते दुसरे शस्त्र पोशाखाचा भाग असते. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या ‘घोस्ट ऑफ योतेई’कडे उत्तर आहे. त्याची नायिका अत्सू हिच्या हाती दोन कटाना येतात त्या एका गुरूकडे शिकल्यावर, आणि त्यांचा खरा उपयोग होतो भालेकऱ्यांसमोर. समोर दुसऱ्या शस्त्राचा शत्रू आला की जोडी म्यान करून वेगळे काही उपसावे लागते. दोन तलवारी म्हणजे दुप्पट मार, हा गल्लीबोळातला समज हा गेम शांतपणे बाजूला सारतो.

एवढी साधी शिस्त आपल्याकडच्या गेमचर्चेत मात्र औषधालाही सापडत नाही. भारतीय गेममध्ये एखादे देशी शस्त्र दिसले की टाळ्या पडतात. ते शस्त्र चालवताना बोटांना काय कळते, शरीराला काय सोसावे लागते, याबद्दल अवाक्षर नाही. या लेखाला निमित्त झाली ती ही बेफिकिरी.

जुन्या इतिहासावर फार वेळ घालवायला नको. लारा क्रॉफ्टची पिस्तुलांची जोडी, ‘डेव्हिल मे क्राय’मधल्या एबनी आणि आयव्हरी, मॅक्स पेनच्या संथ गतीतल्या उड्या: हा सगळा हाँगकाँगच्या सिनेमाचा वारसा, आणि तो तिथेच शोभतो. खामगाव-मलकापूरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून वाढलेल्या पिढीला दुहेरी शस्त्राचा खरा धडा दिला तो ‘सॅन आंद्रियास’ने. 2004 च्या त्या गेममध्ये नायक सीजेच्या हाती दुसरे पिस्तूल पहिल्या दिवशी येत नाही. तेच हत्यार वापरत राहून कौशल्य ‘हिटमॅन’ पातळीला नेले, की मग दोन्ही हात भरतात. तेही ठरावीक हत्यारांपुरतेच. शेजारच्या संगणकावर ‘काउंटर-स्ट्राइक’ चालू असायचे आणि त्यातल्या जोड-बेरेटा घेणाऱ्याला बाकीचे हसायचे. तीस गोळ्या, दिसायला झोकदार, पण नेम विखुरलेला. त्या हसण्यात गेमच्या रचनेची नेमकी समज होती.

दुहेरी शस्त्राच्या यंत्रणेचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग 2004 मध्येच ‘हेलो 2’मध्ये झाला. तो बनवणाऱ्या बंजी स्टुडिओच्या डिझायनरांनी कंट्रोलरच्या डाव्या ट्रिगरवरचा बॉम्ब काढून घेतला आणि तिथे डाव्या हातातली बंदूक बसवली. डावा ट्रिगर डाव्या हाताचा, उजवा उजव्याचा. बॉम्ब फेकायचा किंवा जवळून ठोसा मारायचा तर डाव्या हातातले शस्त्र खाली पडणार. खेळाडूला जे कळायचे ते थेट बोटांतून कळत होते. मात्र या उत्तम कल्पनेच्या पोटातच तिचे दुखणे होते. दोन सबमशीनगन एकत्र वापरल्या जाणार म्हणून एकेकटी सबमशीनगन दुबळी ठेवावी लागली, आणि एकट्या शस्त्राला कुणी हात लावेना. ‘हेलो 3’नंतर 2010 च्या ‘रीच’मध्ये बंजीने ही सोय काढूनच टाकली. आपली आवडती कल्पना गेमला नडते आहे हे ओळखून ती मागे घेण्याचे धैर्य फार थोड्या स्टुडिओंमध्ये असते.

‘मॉडर्न वॉरफेअर 2’मधल्या जोड-शॉटगनांनी 2009 मध्ये काय धुमाकूळ घातला आणि त्या किती वेळा दुरुस्त कराव्या लागल्या, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘असॅसिन्स क्रीड वालहाला’ दोन्ही हातांत ढालीसुद्धा देतो आणि त्यामुळे कशालाच अर्थ उरत नाही.

तलवारीच्या बाजूला मामला जास्त समृद्ध आहे. ‘स्कायरिम’ने 2011 मध्ये सरळ नियम घातला: दोन्ही हातांत शस्त्र असेल तर वार अडवता येणार नाही. ‘मॉन्स्टर हंटर’मधली जुळी पाती घेणाऱ्यालाही आडोसा नाही. उलट त्याचा उन्माद चढतो तसतसा दम ओसरत जातो, आणि दम संपलेला शिकारी राक्षसापुढे नुसता उभा राहतो. ‘डार्क सोल्स 2’ने 2014 मध्ये आणखी कडक हिशेब मांडला. दोन शस्त्रे खऱ्या अर्थाने जोडीने चालवायची तर अंगी ताकद आणि चपळाई नेहमीच्या दीडपट हवी. त्या दीडपटीसाठी खेळाडूला आपले सगळे पात्रच त्या दिशेने घडवावे लागे. ‘एल्डन रिंग’ने 2022 मध्ये ही अट काढून टाकली, एकाच जातीची दोन शस्त्रे पुरेशी ठरवली, आणि जो तो दोन अगडबंब तलवारी घेऊन उड्या मारू लागला. बाकी सर्व बाबतींत थोर असलेल्या त्या गेमची ही एक ठळक चूक आहे. डावे बटण दाबले की अडवण्याऐवजी वार होतो, एवढीच किंमत उरली, आणि ती पुरेशी नव्हती.

आता आपल्या अंगणात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला तेव्हा झालेले कौतुक रास्त होते. राजी सर्कशीत वाढलेली मुलगी आहे, म्हणून ती खांबाला धरून गरगर फिरते, भिंतीवर धावते आणि त्याच गतीतून वार करते. तिचे लढणे तिच्या पेशातून येते. भारतीय गेममध्ये शरीराचा इतका विचार क्वचितच झाला असेल. तरीही तिच्या हाती शस्त्रे आली ती पुराणातून: त्रिशूळ, धनुष्य, देवांनी दिलेली. देवाने दिलेल्या शस्त्राला वस्ताद लागत नाही, तालीम लागत नाही, आणि हातालाही ते कधी जड होत नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल आहे आणि त्या प्रकारात शस्त्र म्हणजे शेवटी जमिनीवर पडलेला माल. ‘फौजी’ या गेमबद्दल न बोललेले बरे.

पुराणाकडे धावणाऱ्या या मंडळींच्या हाताशी दांडपट्टा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ आजही शिकवला जातो. सिंदखेडराजात 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मोत्सवात, पट्टा फिरू लागला की भोवतालची गर्दी आपोआप दोन पावले मागे सरते. गेम डिझायनरला हवे ते सगळे त्या मागे सरण्यात आहे.

पट्ट्याची घडणच पाहा. मूठ आडवी, कट्यारीसारखी, लोखंडी खोबळ्याच्या आत. खोबळा कोपराकडे जाणारा हात झाकतो आणि पट्टा त्या हाताला बांधलेला असतो. त्यामुळे मनगट जखडते. तलवारबाज मनगटाच्या झटक्याने जे करतो ते पट्टेकऱ्याला करता येत नाही. वार खांद्यातून, कमरेतून, पायांच्या फिरण्यातून येतो. पाते सरळ, लांब आणि लवचीक. एकदा वेग घेतला की तो वेग तोडणे महाग, म्हणून एका वाराच्या शेवटातून दुसरा वार निघतो आणि पवित्रा बदलत राहतो. हूल द्यायची तीसुद्धा अख्ख्या अंगाने. त्या भरधाव वेगात तळहातावरचे लिंबू कापायचे आणि हाताला ओरखडाही उठू द्यायचा नाही, ही त्या विद्येची परीक्षा.

यात तयार गेम आहे. एका हातात पट्टा आणि दुसऱ्यात ढाल असेल तर आडोसा आहे, पण परीघ अर्धा. दोन्ही हातांत पट्टे घेतले की भोवती पुरे वर्तुळ मिळते, अनेक शत्रूंना लांब ठेवता येते, आणि त्या बदल्यात जवळजवळ सगळे गमवावे लागते. खोबळ्यात अडकलेल्या हाताला दार उघडता येत नाही, दोर धरता येत नाही, जखमी सोबत्याला उचलता येत नाही. पट्टा तलवारीसारखा क्षणात टाकूनही देता येत नाही. शेजारी उभा असलेला आपलाच माणूस त्या वर्तुळात आला तर तोही कापला जाईल. बंजीने ट्रिगरची अदलाबदल करून जी किंमत उभी केली, ती इथे लोहाराने आधीच शस्त्रात घडवून ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: इतक्या अटी घातल्या तर खेळणार कोण? ज्या ‘मॉन्स्टर हंटर’मध्ये शस्त्र पाजळण्यासाठीही थांबावे लागते, त्याच्या ‘वर्ल्ड’ या एका भागाच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. ‘एल्डन रिंग’ने अडीच कोटींचा टप्पा कधीच ओलांडला. खेळाडूला अडचण नको असते हे विधान जगभरच्या खेळाडूंनी स्वतःच्या पैशाने खोटे ठरवले आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर, कारण तो श्रद्धेतून येतो. आपल्या इतिहासातले वीर पडद्यावर दमलेले, चुकलेले, जखमेने वाकलेले दाखवले तर लोक दुखावतील, अशी भीती डिझायनरांना वाटते. म्हणून मराठा योद्धा गेममध्ये आला की तो शंभर शत्रू कापतो आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नसतो. ही भीती पूर्णपणे उलट्या पायावर उभी आहे. बाजीप्रभूंचे नाव 1660 पासून आजपर्यंत टिकले ते त्यांनी किती माणसे मारली यामुळे नाही. शिवाजी महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत खिंड धरायची होती, अंग जखमांनी भरले होते, आणि तरी ते उभे राहिले. दोन्ही हातांत शस्त्र घेतलेले बाजीप्रभू लोकपरंपरेत आहेत, पन्हाळ्याच्या पुतळ्यात आहेत, 2022 च्या ‘पावनखिंड’ चित्रपटात आहेत. त्या प्रतिमेतून थकवा वजा केला तर पराक्रमही वजा होतो. ज्या गेममध्ये खेळाडूचा दम संपत नाही, तिथे खिंड धरून ठेवण्याला काही मोलच नाही. वीरांचा मान राखायचा असेल तर त्यांच्या हातांना वजन द्या.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आता ऐकून घेण्यासारखा राहिलेला नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्राच्या धोरणाला मंजुरी दिली: 2050 पर्यंतचा आराखडा, 3,268 कोटी रुपये. त्याआधी मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ परिषद गाजली. इतक्या पैशात इमारती उभ्या राहतील, यंत्रे येतील. मग त्यातला एक छोटा हिस्सा कोल्हापूरच्या वस्तादांसाठी का नसावा? पट्टेकऱ्याच्या अंगावर सेन्सरचा पोशाख चढवून त्याचा प्रत्येक पवित्रा टिपावा. एकेरी पट्टा, जोडपट्टा, फरी-गदका, विटा, सगळे. त्या वस्तादाला पाहुणा कलाकार म्हणून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नये. डिझायनरच्या शेजारी खुर्ची द्यावी, करारावर नाव घालावे, मानधन द्यावे, आणि वार चुकीचा दिसला तर ‘हे असं होत नाही’ म्हणण्याचा हक्क द्यावा. संग्रहालयातल्या फोटोवरून बनवलेला पट्टा पात्याचा नक्षीदार आकार देईल. वजन कुठून निघते आणि कोणत्या पायावर थांबते, हे फोटोत नसते.

आणि कामाची सुरुवात लहान असावी. खुले जग नको, सात किल्ले नकोत, पंचवीस कातडी बदलणारे नायक नकोत. एक अरुंद वाट, मागे जाणारी माणसे, पुढून येणारी फौज आणि एक जोडपट्टा पुरेसा आहे. वाटेत एक दार ठेवावे, ज्याच्या पलीकडे जखमी सोबती अडकला आहे. दार उघडायचे तर खेळाडूला एका हाताचा पट्टा सोडवावा लागेल, पाठ शत्रूकडे करून, पूर्ण दोन सेकंद. बैठकीत कुणीतरी म्हणेल की हे ॲनिमेशन कंटाळवाणे आहे, कापून टाका. डिझायनरने ते कापू देऊ नये.