वळिवड्याचे पोलंड

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली पॅसेंजर गाडी थोड्याच वेळात वळिवडे स्थानकावर येते. शेजारीच गांधीनगर आहे. घाऊक कापडबाजारामुळे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे इथे वसली, हेही पुष्कळांना माहीत असते. पण सिंधी कुटुंबे ज्या बराकींत राहायला आली, त्या आधी कुणासाठी उभारल्या होत्या, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलले गेले. जर्मनीने रशियावर चाल केल्यावर, १९४१ साली, त्यांची सुटका झाली. मग पोलिश जनरल आंदर्स यांच्या सैन्याच्या आधाराने ती माणसे इराणला पोहोचली, आणि तिथून वाट फुटेल तिकडे: आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, हिंदुस्थान. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना आसरा दिला. त्यापेक्षा कितीतरी मोठी वस्ती कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या काठी उभी राहिली.

या माणसांजवळ सामान जवळपास नव्हतेच. भाषा मात्र होती, आणि ती राज्य नसताना कशी जपायची याचा सव्वाशे वर्षांचा सराव होता. १७९५ साली तीन शेजारी साम्राज्यांनी पोलंड वाटून घेतले. त्यानंतर १९१८पर्यंत तो देश नकाशावर नव्हता. त्या काळातले त्यांचे सर्वांत लाडके काव्य ‘पान तादेउश’ १८३४ साली छापले गेले ते पॅरिसमध्ये. आदाम मित्सक्येविच यांनी ते देशाबाहेर राहून लिहिले. संगीतकार शोपँनेही आपल्या मातीतल्या बहुतेक माझुर्का देशाबाहेरच रचल्या. राज्य गेले तरी कविता, गाणे आणि नाच यांच्या बळावर देश तगतो, हे पोलिश आयांना कुणी शिकवावे लागले नाही.

म्हणून वळिवड्यात प्राथमिक शाळांपासून माध्यमिक वर्गांपर्यंत सगळे शिक्षण पोलिश भाषेतून सुरू झाले. चर्च आले, बालवीर-वीरबालांची पथके आली, गाणारे वृंद आले, रंगमंच आला. बालवीरांचे काम बघायला झजिस्वाफ पेश्कोव्स्की हा तरुण लष्करी अधिकारी आला. कातिनच्या हत्याकांडातून वाचलेल्या थोड्या पोलिश अधिकाऱ्यांपैकी तो एक, आणि पुढे तो धर्मगुरू झाला. ३ मे हा १७९१च्या राज्यघटनेचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा स्वातंत्र्याचा. परदेशातल्या पोलिश वस्त्यांत हे दोन्ही दिवस काव्यपठण, समूहगान आणि लोकनृत्यांनीच साजरे होतात. नाताळात ‘यासेउका’ म्हणजे येशूजन्माची नाटुकली बसवायची, हीही तशीच जुनी रीत.

वळिवड्याच्या छायाचित्रांत क्राकुफच्या पारंपरिक वेशातल्या मुली दिसतात: डोक्यावर फुलांचा मुकुट, पाठीवर रंगीत फिती, मणी जडवलेली आखूड बंडी. ‘क्राकोव्याक’ हे त्या भागातले द्रुत लयीचे नृत्य; त्याच्या पावलांत घोड्याची दौड असते. यातल्या कित्येक मुलींना क्राकुफ शहर ऐकूनच माहीत होते, कारण त्यांची गावे दूर पूर्वेकडची. तरीही ती पावले पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली. शिकवणाऱ्यांचे हे काम मोठे होते. जी मुले सैबेरियात उपाशी राहिली, ज्यांची शाळा ऐन वयात तुटली, त्यांना अन्न आणि औषध तर हवेच होते. पण आपण कोण आहोत हेही त्यांना परत मिळायला हवे होते. ते रंगमंचाने आणि गाण्याने दिले.

वॉर्सा गाजवलेली गायिका-अभिनेत्री हांका ओर्डोनुव्हना हिनेही अनाथ मुलांची एक तुकडी रशियातून हिंदुस्थानात आणण्यात वाटा उचलला. त्या प्रवासावर तिने लिहिलेले पुस्तक १९४८ साली बैरुतमध्ये टोपणनावाने निघाले.

पोलिश माणसे आणि हिंदुस्थान यांच्यातली ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. भारतात उमादेवी म्हणून ओळखल्या गेलेल्या वांदा दिनोव्हस्का आणि मॉरिस फ्रिडमन यांनी १९४४ साली मद्रासला ‘पोलिश-भारतीय ग्रंथमाला’ सुरू केली. दिनोव्हस्कांनी भगवद्गीता पोलिशमध्ये नेली. फ्रिडमन तर आपल्या अगदी जवळचे. औंध संस्थानाने प्रजेच्या हाती सत्ता देण्याचा जो प्रयोग केला, त्यात ते होते. आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे ‘आय अ‍ॅम दॅट’ या इंग्रजी ग्रंथातून १९७३ साली जगापुढे गेली ती या वॉर्सात जन्मलेल्या माणसाच्या हातून.

मराठवाड्याच्या वाचकाला हे सारे परके वाटू नये. वळिवड्यात पोलिश शाळा भरत होत्या, त्याच काळात निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सरस्वती भुवनसारख्या शाळा, गावोगावची वाचनालये आणि गणपतीतले मेळे यांतून इथली मराठी मंडळी आपली भाषा जागी ठेवत होती. आपल्याला घर कायमचे सोडावे लागले नाही, हा फरक मोठाच. पण ज्या १७ सप्टेंबरला पोलिश माणसांचे घर गेले, त्याच तारखेला, नऊ वर्षांनी, मराठवाडा मोकळा झाला. आणि त्याच १९४८ साली वळिवड्याची छावणी मिटली.

पूर्व पोलंडमधली त्यांची गावे तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती. त्यामुळे बहुतेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी वाट धरली. जाताना ते वळिवडेही सोबत घेऊन गेले. लंडनमध्ये ‘भारतातल्या पोलिश लोकांची’ संघटना उभी राहिली. लहानपणी इथे शिकलेल्यांनी कागदपत्रे आणि आठवणी गोळा करून २००० साली जाडजूड ग्रंथ काढला. निर्वासितांच्या वस्तीची इतकी प्रेमाने राखलेली नोंद दुर्मीळच. वॉर्सामध्येही कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४ साली पोलंडच्या दौऱ्यावर असताना भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली.

छत्रपती संभाजीनगरहून अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी परतण्याआधी तासभर काढावा आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात जावे. १९९८ साली उभारलेला पोलिश स्मृतिस्तंभ तिथे आहे. सोबत मुले असतील तर त्यांनाही दाखवावा.