डेकवरची वाळू किती मोठी?

जळकोटसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यातही विज्ञान प्रदर्शनात जहाजाची प्रतिकृती हमखास असते. अशा एका प्रतिकृतीला परीक्षकांनी 'हुबेहूब' असा शेरा दिला, तो मुख्यतः तिच्या डेकसाठी. ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून कणीमिश्रित खडबडीत रंग देतात, हे विद्यार्थ्यांनी वाचले होते. म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू पसरली व वर करडा रंग दिला. मेहनत उघड दिसत होती. आमचा आक्षेप आहे तो शेऱ्याला.

प्रतिकृतीखाली प्रमाण लिहिले होते, १:१००. वाळूचा कण अर्धा मिलिमीटरचा धरा. शंभरपट केला की तो ५ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे या जहाजावरचे खलाशी रेल्वेच्या रुळाखालच्या खडीवरून चालत असणार! जहाज शंभरपट लहान केले, वाळू मात्र आहे तेवढीच राहिली.

खऱ्या रंगातली कणी १ मिलिमीटरची मानली, तर प्रतिकृतीवर ती ०.०१ मिलिमीटरची हवी. एवढी बारीक कणी आणायची कोठून? सुदैवाने तिची गरजच नाही. ३० सेंटिमीटरवरून पाहताना साधारण ०.१ मिलिमीटरहून बारीक तपशील आपल्या डोळ्याला वेगळा दिसत नाही. शिवाय १:१०० ची प्रतिकृती इतक्या जवळून पाहणे म्हणजे खरे जहाज ३० मीटरवरून पाहणे. तिथून कण दिसत नाहीत, फक्त पृष्ठभाग चकाकत नाही एवढे कळते, कारण खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. तेव्हा नक्कल करायची ती या निस्तेजपणाची. रंगात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळली किंवा चारशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून रंगवला की काम भागते. शेजारच्या टेबलावरील नौकेला असाच मंद रंग होता. तिला 'डेकचे काम अपुरे' असा शेरा मिळाला, हे आम्हाला अधिक खटकले.

प्रत्येक डेक खडबडीत रंगाचा असतो असेही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तशा काळातल्या जहाजाचा डेक उघड्या फळ्यांचा. तिथे दाखवायच्या त्या फळ्यांमधल्या डांबर भरलेल्या सांधी. बसच्या पायरीवर असतो तसा उठावाच्या नक्षीचा पत्रा असेल, तर हिशेब आणखी बदलतो. नक्षीची एक रेघ २५ मिलिमीटर लांब धरली, तर १:२५ च्या प्रतिकृतीत ती १ मिलिमीटरची होते. ती दिसायलाच हवी.

तक्त्यावर 'खडबडीत म्हणून घर्षण जास्त' असे लिहिले होते. मोजले मात्र नव्हते. फळीवर खोडरबर ठेवून फळी हळूहळू उचलावी आणि ते घसरू लागते तो कोन कोनमापकाने पाहावा. कोन २७ अंश असेल, तर त्याचा टॅन्जंट, म्हणजेच घर्षणांक, सुमारे ०.५. एकदा गुळगुळीत रंगावर, एकदा पॉलिश पेपरवर करावे. शाळेतल्या घर्षणाच्या नियमात वजन येत नाही, म्हणून वस्तू लहान केल्याने हा कोन बदलू नये. मग फळी ओली करून पाहावी. इथे प्रमाण पुन्हा फसते. पाण्याचा ३ मिलिमीटरचा थेंब प्रतिकृतीसाठी लहान होत नाही. १:१०० च्या डेकवर तो ३० सेंटिमीटर रुंदीचा पाण्याचा ढीग ठरतो.