सुबोधतेचे मोजमाप : संख्या आणि वाचक

सॉफ्टवेअरची रचना चित्ररूपाने मांडणाऱ्या प्रतिमानांना १९९७ साली युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेजच्या स्वीकाराने एक प्रमाणभाषा लाभली. असे प्रतिमान एकाने रचावयाचे, दुसऱ्याने वाचावयाचे व तिसऱ्याने कालांतराने दुरुस्त करावयाचे असते. तेव्हा ते कितपत सुबोध व परिवर्तनसुलभ आहे, हे मोजण्याची इच्छा स्वाभाविकच होय. प्रश्न आहे तो असा की, या मोजमापात नेमके काय मोजले जाते ?

मॅकेब यांनी १९७६ मध्ये प्रोग्रॅममधील स्वतंत्र मार्गांची गणना केली. हॉलस्टेड यांनी १९७७ मध्ये क्रियाचिन्हे व पदे मोजली. चिदंबर व केमेरर यांनी १९९४ मध्ये वर्गांच्या वंशक्रमाची खोली आणि त्यांचे परस्परावलंबन मोजले. प्रतिमानांची मापे बहुतांशी याच वाटेने गेली आहेत. भाषाभ्यासकास ही वाट परिचित आहे. फ्लेश यांचे १९४८ मधील वाचनसुलभतेचे सूत्रही वाक्यांची लांबी आणि शब्दांतील अक्षरे यांवरच उभे आहे.

आता ग्रंथालयाचे एक प्रतिमान घ्या. त्यात ‘वाचक’, ‘ग्रंथ’ व ‘देवघेव’ असे तीन वर्ग आहेत. ही नावे पुसून तेथे क, ख, ग लिहिले, तर वर्ग तितकेच राहतात, संबंधही तितकेच राहतात, आणि गणनेचा आकडा तसूभरही हलत नाही. अर्थ मात्र पार नाहीसा होतो. जे माप हा फरक ओळखू शकत नाही, ते रचनेच्या गुंतागुंतीचे माप असेल, सुबोधतेचे नव्हे.

संख्या अल्प म्हणजे आकलन सुलभ, हेही खरे नाही. पाणिनीची सूत्रे अत्यंत आटोपशीर आहेत. परंतु अनुवृत्तीने मागील पद पुढे येत असल्यामुळे एकटे सूत्र अनेकदा अपुरे राहते, आणि एका सूत्रात केलेला बदल पुढील अनेक सूत्रांच्या अर्थास स्पर्श करतो. जाणत्यास जे लाघव, तेच नवख्यास कोडे.

वाचकांना प्रश्न विचारून उत्तरांची अचूकता व त्यांस लागणारा वेळ नोंदविणारे प्रयोग अधिक प्रामाणिक होत, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांतील वाचक पुष्कळदा विद्यार्थी असतात. अनुभवी अभियंत्याविषयीचा निष्कर्ष त्यांवरून काढताना सावधगिरी हवी.

गणना निरुपयोगी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. कोठे लक्ष द्यावे, याची सूचना ती अवश्य देते. परंतु आकडा हेच साध्य ठरले, की एक मोठा आराखडा चार पानांत विभागून तो सहज खाली आणता येतो. चारही पाने एकाच वेळी मनात धरण्याचा भार मात्र वाचकावर पडतो. म्हणून कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या पूर्वज्ञानाच्या आधारे सुबोध, हे न सांगणाऱ्या आकड्यास सुबोधतेचे माप म्हणू नये. सुबोधता ही केवळ संहितेत वसत नाही. ती संहिता आणि वाचक यांच्या संबंधात वसते.