कलम १०० मधला 'भटकणारा'

कायद्याची भाषा तटस्थ असते, असे आपण वर्गात शिकलो आणि आता शिकवतोही. पण कायदा हीसुद्धा एक संहिताच आहे. तिच्यातील शब्द कोणाच्या जगण्यावर उभे आहेत, हे साहित्यकृतीला विचारतो तसे तिलाही विचारले पाहिजे.

वेड्यांसंबंधीच्या १९१२ च्या कायद्याने हद्दीत मोकळा भटकणारा माणूस वेडा वाटल्यास त्याला अटक करण्याचा अधिकार फौजदाराला दिला. १९८७ च्या कायद्याने 'अटके'च्या जागी 'संरक्षण' घातले. पण चोवीस तासांत उभे करायचे ते दंडाधिकाऱ्यापुढेच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ ला अमलात आला. त्याच्या कलम १०० प्रमाणे ताब्यात घेण्याचे कारण सांगावे लागते, चोवीस तासांच्या आत तपासणीसाठी सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे लागते, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु एकशे पाच वर्षांत एक शब्द जागचा हलला नाही : 'भटकणारा'. जीवाला धोका असलेल्या माणसाची तरतूद याच कलमात वेगळी आहे. मग जो कोणाला धोका नाही, त्याचे काय? तो घरात असेल आणि घरचे त्याला छळत असतील, तर कलम १०१ प्रमाणे पोलिसाने दंडाधिकाऱ्याला कळवायचे. तो रस्त्यावर असेल, तर आजारी आहे आणि स्वतःला सांभाळू शकत नाही, असे पोलिसाला सकारण वाटले की पुरे. ज्याला उंबरठा आहे त्याच्या आणि पोलिसाच्या मध्ये न्यायालय आहे. ज्याला उंबरठाच नाही त्याच्या मध्ये कोणी नाही.

भटकणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यातून सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. लगेच १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आला. चरितार्थाचे साधन न दाखवता भीक मागून जगत असावा अशा स्थितीत भटकणे, हीही त्यात 'भीक' ठरते आणि वॉरंटाशिवाय अटक होते. महाराष्ट्रात तो आजही आहे. म्हणजे एकच माणूस, एकच रस्ता. त्याला दवाखान्यात न्यायचे की भिक्षेकरी गृहाच्या वाटेला लावायचे, हे प्रथम पोलीसच ठरवतो. बसस्थानकावर ओरडणारी पारधी बाई आजारी आहे, भुकेली आहे, की तिची बोलीच कोणाला कळलेली नाही?

याच कायद्याचे कलम ३ सांगते की सामाजिक वा आर्थिक स्थितीवरून मनोरुग्ण ठरवू नये. पण डॉक्टरच्या आधी फाटके कपडे वाचतो तो शिपाई. त्याच्यासोबत आरोग्यसेवक किंवा त्या माणसाची बोली जाणणारा कोणी असावा, असे कलम १०० म्हणत नाही. मागणी इथेच केली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी ठाण्यात तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या कलमाखाली नेले? कारण काय सांगितले? दवाखान्यात किती वाजता पोहोचवले? उत्तर लेखी घ्यावे.