निरर्थकाचा अर्थ : ‘ईना मीना डीका’ या गीताविषयी

रॉक अँड रोलच्या आरंभकाळातील गीतांविषयी जे स्मरणरंजन आज चालते, त्यात एक चमत्कारिक प्रवृत्ती आढळते. ज्यांनी ही गाणी केवळ ठेक्यासाठी ऐकली, तेच आता त्यांत गूढार्थ शोधू लागले आहेत. या शोधाचे टोक अमेरिकेत पाहावयास मिळते. किंग्जमेन या वाद्यवृंदाने १९६३ मध्ये गायिलेल्या ‘लुई लुई’ या गीताच्या अस्पष्ट उच्चारांत अश्लील मजकूर दडला आहे, अशा तक्रारी आल्या. तेथील केंद्रीय अन्वेषण संस्थेने तबकडी निरनिराळ्या गतींनी वाजवून पाहिली आणि शब्द कळण्याजोगे नाहीत, असा निर्वाळा दिला. वस्तुतः ते प्रियेच्या ओढीने घरी निघालेल्या खलाशाचे साधे गाणे होय. अश्लीलता श्रोत्यांनी पुरविलेली होती.

आपल्याकडील उदाहरण याहून बोधप्रद आहे. ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गीताचे संगीतकार पुणतांबे येथे जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, गीतकार राजेंद्र कृष्ण. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायिले. मुलांच्या खेळातील इंग्रजी गणतीवरून त्याची कल्पना सुचली, आणि रामचंद्रांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांच्यासह अक्षरे जुळविता जुळविता अखेर ‘माका नाका’ ही जोडी आली, अशी हकीकत सांगितली जाते. हकीकत थोडी रंगविलेली असेल. अशा कथा बहुधा असतातच. परंतु ‘माका नाका’ म्हणजे कोंकणीत ‘मला नको’, हे तिच्यावर अवलंबून नाही.

ही जोडी तेथे कशी सामावली, हे पाहण्यासारखे आहे. गीतातील निरर्थक शब्द मुख्यतः दीर्घ स्वरांचे असून ‘का’ या अक्षराचे यमक त्यांना बांधून ठेवते. मराठीतील ‘मला नको’ येथे बसणे शक्य नाही. ऱ्हस्व ‘म’ अडतो आणि ‘ला’ यमक मोडतो. कोंकणीचा चतुर्थीचा ‘का’ मात्र आयताच जुळतो. म्हणजे अर्थ येथे यमकाच्या आश्रयाने आला आहे. आनंदवर्धनाच्या परिभाषेत याला ध्वनी म्हणता येणार नाही, कारण वाच्यार्थच बहुतेकांपर्यंत पोचत नाही, मग व्यंग्यार्थ कोठून निघणार? म्हणून या गीतात काही गुप्त संदेश वाचणे मला मान्य नाही. त्याचबरोबर, ‘त्या काळची निव्वळ मौज’ म्हणून ते निरर्थक ठरविणारे स्मरणरंजनही टिकत नाही.

कारण हा अर्थ सर्वांपासून लपलेला नव्हता. मुंबईच्या गिरणगावातील मालवणी श्रोत्याला ‘माका’ हा घरचाच शब्द. ‘नाका’ही त्याच्या ‘नको’पासून दूर नाही. उलट आमच्या जांभूळ-बदलापूरकडच्या श्रोत्याला ‘नाका’ म्हटले की रस्त्यावरचा नाकाच आठवणार. तबकडी एकच, अर्थ आणि गोंगाट यांची सीमा मात्र ऐकणाऱ्याच्या बोलीनुसार सरकते. जे आपल्या बोलीत नाही ते भाषाच नाही, असे कान परस्पर ठरवून टाकतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. त्यांच्या वाद्यांचा नाद सर्वांनी ऐकला, त्यांची भाषा थोड्यांनी.

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका नाही. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्येच कोंकणीच्या घडणीचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तरी ती मराठीची बोली की भाषा, हा वाद आपल्याकडे दीर्घकाळ चालला. साहित्य अकादमीची मान्यता तिला १९७५ मध्ये मिळाली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश १९९२ मध्ये झाला. त्यापूर्वी ३५ वर्षे कोंकणीचे एक पूर्ण वाक्य देशभरच्या श्रोत्यांच्या तोंडी खेळत होते, आणि ते वाक्य आहे, याची त्यांतील फारच थोड्यांना जाणीव होती.