टाकले, ठेवले, राहायला गेली

मराठीत आईला वृद्धाश्रमात 'टाकतात'. फारच सौम्य बोलायचे झाले तर 'ठेवतात'. दोन्ही वाक्यांत आई कर्म असते, कर्ता दुसराच कोणीतरी असतो आणि निवाडा क्रियापदातच झालेला असतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी चोवीस तास देखरेखीची वेगळी निवासी केंद्रे आता आपल्या मोठ्या शहरांत आहेत. त्यांना 'मेमरी केअर' म्हटले तरी घरात बोलताना शब्द येतो तो 'वृद्धाश्रम', आणि त्यामागोमाग 'टाकले'.

या भाषेचा आपल्या साहित्यावर परिणाम झाला आहे, असे मला वाटते. 'नटसम्राट'पासून (१९७०) आपण एकच प्रश्न विचारत आलो: मुलांच्या घरात आईबापांना जागा आहे की नाही? हा प्रश्न नाट्याला सोयीचा आहे, कारण त्यात कोणीतरी दोषी ठरतो. पण ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, तिथे बहुधा कोणीच दुष्ट नसते. तिथला प्रश्न 'ठेवावे की नाही' हा नसून 'केव्हा' हा असतो. भारतातल्या साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. 'केव्हा' हा प्रश्न इतक्या घरांत आज ना उद्या येणार आहे. साहित्य त्याला कसे सामोरे जाते?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा या विषयावरचा मराठीतला सर्वांत जाणता चित्रपट. संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्ती पाहतात, लेकीच्या गाडीतून उतरतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते, आणि त्यांना तिच्यात आई सापडते. स्मृती गेल्यावरही माणूस उरतो, हे चित्रपट फार सुंदर दाखवतो. पण चन्नम्माची माया थोड्या वेळापुरती आहे. तिच्या जागी दहा वर्षे रात्री-अपरात्री उठणारी सून असती तर? ब्लेसी यांच्या 'तन्मात्रा' या मल्याळम चित्रपटातही (२००५) आजारी नायकाचे कुटुंब तिरुवनंतपुरम सोडून गावच्या घरी परतते. आपल्याकडच्या कथांना असा एखादा आसरा सापडतो: हत्ती, गाव, परकी माउली. त्यामुळे 'केव्हा'चे उत्तर द्यायची वेळच येत नाही.

सावाको आरियोशी यांची जपानी कादंबरी 'कोकोत्सु नो हितो' (१९७२) या बाबतीत अधिक कठोर आहे. नोकरी करणारी सून आकिको सासऱ्याचे सगळे करते, नवरा शक्य तेवढा अंग काढून घेतो. मदत मागायला गेल्यावर तिला कळते, की अशा माणसाला घेणारी जागा म्हणजे मनोरुग्णालय. 'केव्हा' विचारण्यासाठी आधी 'कुठे' असावे लागते, हे ही कादंबरी सांगते. आपल्याकडच्या लहान गावांत आजही 'कुठे'चे उत्तर नाही, आणि तिथे सुनेच्या सहनशक्तीलाच संस्कृती म्हटले जाते.

अॅनी एर्नो यांनी आईला १९८३ साली आपल्या घरी आणले, पुढे तिला रुग्णालयाच्या वृद्ध विभागात ठेवावे लागले, १९८६ साली ती वारली. त्या काळातल्या नोंदी त्यांनी १९९७ साली जवळजवळ हात न लावता छापल्या. त्यांतली अपराधी भावना पाहिली की एक भ्रम दूर होतो. अपराधी वाटणे ही चुकीच्या निर्णयाची खूण नाही. ते कुठल्याही निर्णयानंतर वाटते. मग 'अजून मन तयार होत नाही' हे निकष म्हणून निकामी ठरते.

'केव्हा'ला सर्वांत थेट भिडते ती अॅलिस मन्रो यांची 'द बेअर केम ओव्हर द माउंटन' ही कथा (१९९९). त्यात फिओना स्वतः नटूनथटून मेडोलेक या केंद्रात जाते. नियम असा, की पहिले तीस दिवस भेटायचे नाही. महिन्याने नवरा ग्रँट जातो तेव्हा ती ऑब्री नावाच्या दुसऱ्या रुग्णात गुंतलेली असते. समीक्षक बहुधा ग्रँटच्या जुन्या प्रेमप्रकरणांकडे आणि नियतीच्या फेडीकडे पाहतात. मला ऑब्रीची बायको मॅरियन जास्त महत्त्वाची वाटते. ती नवऱ्याला घरी परत आणते आणि कारण स्पष्ट सांगते: तिथे कायमचे ठेवायचे तर घर विकावे लागेल. तिच्या जागी मराठी कथेतली बायको असती तर आपण तिच्या त्यागाचे गोडवे गायले असते. मन्रो हिशेब दाखवतात, आणि तरीही मॅरियनला लहान करत नाहीत.

फिओनाची संमतीही मन्रो गोड करत नाहीत. जी 'हो' म्हणाली, ती महिन्याभरात ते विसरलेली असते. तरी त्या 'हो'ला किंमत आहे. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजारपणी आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवायची सोय दिली, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. पण आईला असे काही लिहायला सांगणे आपल्याला अभद्र वाटते. ती बोलू शकते तोवर विचारणे लाजिरवाणे, आणि लाज संपते तोवर ती बोलू शकत नाही.

माझी मावशी लग्नानंतर हैदराबादला गेली आणि तेलुगू अस्खलित बोलू लागली. आजाराने आधी तिची तेलुगू नेली, मग हिंदी. उरली ती माहेरची नगरी मराठी. तिच्या लेकीपुढे आज 'केव्हा' हाच प्रश्न आहे. तिथल्या केंद्रांतल्या सेविका तेलुगू बोलतात. घरी येणाऱ्या बाईसाठी मी चाळीस शब्द तेलुगू लिपीत लिहून दिले: तहान, दुखतंय, लघवी, नको. आजवर केलेल्या भाषांतरांत एवढे निकडीचे एकही नव्हते. घरातल्या एकाची झोप संपणे, गॅस उघडा राहणे, रात्री दार उघडून बाहेर पडणे या खुणा महत्त्वाच्या आहेतच. पण त्यांची वाट पाहिली तर निर्णय अपघात घेतो. नवी जागा, नवी माणसे ओळखीची करून घ्यायला थोडी भाषा शिल्लक असावी लागते, हे माप मला त्या खुणांइतकेच खरे वाटते.

याची किंमतही आहे. लवकर नेले तर घरातली बरी वर्षे हिरावली जातात. आणि माणूस 'नाही' म्हणाला, तर ते 'नाही'ही ऐकावे लागते.

मन्रोंची कथा मराठीत आणताना पहिली अडचण इथेच येते. 'फिओना गेली' असे लिहिले तर मराठी वाचक ती वारली असे समजेल. 'तिला ठेवले' लिहिले तर मन्रोंनी तिला दिलेले कर्तेपण आपण काढून घेतो. मी 'राहायला गेली' असे लिहीन. मूल शाळेच्या सुट्टीत आजोळी जाते तेव्हा आपण हेच म्हणतो. हे वाक्य खोटे न पडता लिहिता येईल असा काळ प्रत्येक आजारात थोडाच असतो. 'केव्हा'चे उत्तर बहुधा त्या काळातच शोधावे लागते.